भट्टीचा डोळा

या घराण्यात दिलेला शब्द आजवर कोणी मोडलेला नाही. अण्णांनी मोडला नाही, अण्णांच्या वडिलांनी मोडला नाही, आणि त्यांच्या वडिलांबद्दल फारशी माहिती उपलब्ध नसली तरी त्यांनीही मोडला नसावा, असे घरात धरून चालतात. त्या रविवारी सकाळी चहाच्या टेबलाभोवती पाच जणांनी शब्द दिला, की चार वाजेपर्यंत मागच्या शेडकडे कोणी फिरकायचे नाही आणि भट्टीला कोणी हात लावायचा नाही.

हा शब्द आईने अंघोळीला जाता जाता मोडला. थोरल्यांनी, डॉक्टरांनी आणि वहिनींनी तो जेवणाच्या आधी, आपापल्या सोयीने, एकेकट्याने मोडला. पाळला तो फक्त चिऊने, आणि नेमका तिनेच पाळायला नको होता.

भट्टीवर काय पणाला लागले होते ते नीट सांगून ठेवायला हवे, कारण घरात त्याच्या तीन-चार आवृत्त्या आहेत. थोरले पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते आणि आता आईजवळ येऊन राहावे असे त्यांना वाटू लागले होते. त्यांचे गुडघे जिना चढायला राजी नव्हते. म्हणून तळमजल्यावर खोली हवी, खोलीला लागून न्हाणीघर हवे, आणि तेवढी जागा घरामागे एकाच ठिकाणी होती. तिथे चिऊची शेड होती. चिऊ म्हणजे त्यांची बहीण. वय चोपन्न, केस पांढरे, दंड पैलवानासारखे. पण घरात एकदा चिऊ म्हटलेली मुलगी पुढे मोठी होते, हे कोणी मनावर घेत नाही. त्या शेडमध्ये तिचे चाक होते, भट्टी होती, मातीची पिंपे होती, आणि शेड सोडून तिला दुसरीकडे कुठे फारसे करमत नसे.

त्यातून तिच्या लागोपाठ तीन भट्ट्या बिघडल्या. पहिलीत ग्लेझ, म्हणजे झिलईचा लेप, ओघळून बशा फळीला अशा चिकटल्या, की छिन्नीने काढाव्या लागल्या. दुसरीत फळीच मोडली. तिसरीतून निघालेल्या सुरया गोवर आल्यासारख्या दिसत होत्या. थोरल्यांनी दर वेळी फोनवर हळहळ व्यक्त केली आणि दर वेळी शेवटी विचारले, "मग आता शेडचं काय?" तिसऱ्या वेळी चिऊचा तोल गेला. म्हणाली, "पुढची भट्टी नीट निघाली तर माझ्या शेडला कोणी बोट लावायचं नाही. बिघडली तर मी स्वतः चाक उचलून बाहेर ठेवते. मग बांध तुझं न्हाणीघर." दादा म्हणेल, अगं असं काय बोलतेस, अशी तिची अपेक्षा होती. दादा म्हणाला, "मान्य."

ही ती पुढची भट्टी. एका कॅफेवालीने सूपचे वाडगे करायला सांगितले होते. ते कसे हवेत, कोणत्या रंगाचे हवेत, हे तिने चिऊला तासभर समजावून सांगितले होते. घरात कोणी विचारले नाही, म्हणून चिऊने कोणाला सांगितले नाही.

शुक्रवारी सकाळी तिने वाडगे भट्टीत रचले. एकदा भाजून झालेले, मग ग्लेझच्या बादलीत बुडवून काढलेले. प्रत्येकाच्या बुडाला लागलेले ग्लेझ तिने ओल्या स्पंजने पुसून काढले, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये बोटबोट जागा ठेवली. भट्टी विजेची, लठ्ठ पिंपासारखी, वरून झाकणाची. पोटाला एक भोक, आत डोकावण्यासाठी. त्याला घरात डोळा म्हणतात. डोळ्याला मातीचे बूच. आकडे लावून दिले की ही भट्टी आपली आपण तापते आणि आपली आपण विझते. माणसाची गरज नाही. तरीही आधीच्या तिन्ही वेळा चिऊ तिच्यासमोर स्टूल टाकून ताटकळत बसली होती, दर थोड्या वेळाने डोळ्यातून बघत. या वेळी तिने ठरवले: बघायचे नाही. बघितले की बिघडते. चिऊकडे विज्ञानाची पदवी होती, पण तीन भट्ट्यांपुढे पदवी किती टिकणार?

तिने आकडे लावले, दाराशी येऊन कडी घातली, आईला घेतले आणि मैत्रिणीकडे जाऊन राहिली, ती शनिवारी संध्याकाळी सगळे जमायच्या वेळी परतली. निघताना काही विसरले नाही ना, हे तिने दोनदा आठवून पाहिले. विसरली काहीच नव्हती. पुढचे सगळे त्यामुळेच झाले.

*

थोरले अकराच्या सुमारास "टाकीत पाणी किती आहे बघून येतो" म्हणून उठले. पाणी किती आहे हे बघायला तेवीस वर्षे त्यांना पगार मिळत होता, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. टाकी गच्चीवर होती. थोरले मागच्या अंगणात गेले.

शेडमध्ये अंधार होता. दिवा लावला तर खिडकीतून दिसेल, म्हणून त्यांनी मोबाइलचा उजेड केला. भट्टीच्या अंगाला हात लावला. गार. "झालीय की थंड," ते स्वतःशी म्हणाले. "मग चार कशाला?" आणि बूच काढून त्यांनी भट्टीच्या डोळ्याला डोळा लावला.

आत वाडगे होते. पांढरे, पण भिंतीला पहिला हात दिल्यावर ती जशी दिसते तसले पांढरे. सुकलेले, खडूसारखे, मेलेले. झिलई नाही, चमक नाही. चिऊच्या हातच्या हिरव्यागार बशा त्यांनी पाहिल्या होत्या, निळ्याशार सुरया पाहिल्या होत्या. हे त्यातले काही नव्हते.

म्हणजे ते जिंकले होते. थोरले तिथेच उभे राहून आनंदाची वाट पाहू लागले. आनंद काही आला नाही. आला तो त्यांचा कप. चिऊने चाकावर केलेला पहिलाच कप तिने त्यांना दिला होता. डावीकडे कललेला आणि कानात जेमतेम एक बोट जाईल असा. वहिनींच्या कपाटात सहाचे दोन सेट असूनही थोरले रोज सकाळी त्याच कपातून चहा पीत. का, असे विचारले तर "घसरत नाही" म्हणत. हे उत्तर त्यांना आज पहिल्यांदाच अपुरे वाटले.

आणि दुसरे म्हणजे वहिनी, त्यांची बायको. या खोलीच्या बाबतीत वहिनी सुरुवातीपासून गप्प होत्या. वहिनी बोलल्या की काय होते हे थोरल्यांना ठाऊक होते. गप्प राहिल्या की काय होते हेही ठाऊक होते. खोली खरोखरच बांधायची वेळ आली, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ विचारावा लागणार होता.

त्यांनी बूच परत बसवले. बाहेर पडताना हात आपसूक दाराजवळच्या बटणांकडे गेला. या घरात प्रत्येक बटणाच्या वर अण्णांनी ऑइलपेंटने, स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवले आहे: "शेवटी जाणाऱ्याने बटण बंद करावे." अण्णा, त्यांचे वडील, हेडमास्तर होते. घरातल्या मुलांना पाढ्यांच्या आधी हे वाक्य पाठ झाले. थोरल्यांनी चाचपून पाहिले. सगळी बटणे आधीच बंद होती. तेवढेच त्यांना बरे वाटले.

*

डॉक्टर म्हणजे धाकटे. दातांचे डॉक्टर. लोकांच्या तोंडात चिनी मातीच्या कॅपा बसवतात, त्यामुळे चिऊनंतर या घरातले दुसरे सिरॅमिकवाले आपणच, असे त्यांचे मत आहे. कधी कधी ते 'चिऊनंतर' आणि 'दुसरे' हे शब्द वगळतात. शेडच्या भांडणात ते पहिल्यापासून चिऊच्या बाजूचे. "दादा, कला पाडून न्हाणीघर बांधणारा माणूस इतिहासात तूच पहिला," असे ते मागच्या महिन्यात म्हणाले होते, आणि ते वाक्य स्वतःलाच आवडल्यामुळे दवाखान्यातही दोन पेशंटना, तोंडे उघडी असताना, त्यांनी ऐकवले होते.

ते मोबाइलला रेंज नाही म्हणून मागे गेले, आणि रेंज असलेल्या मोबाइलच्या उजेडात त्यांनी आत पाहिले.

"ग्लेझ पिकलंच नाही," त्यांनी निदान केले. निदान अचूक होते. कारण मात्र त्यांनी लगेच स्वतःशी जोडले. तिसरी भट्टी बिघडल्यावर त्यांनी चिऊला फोनवर सल्ला दिला होता, की मिश्रणात चुना वाढव. हा सल्ला त्यांना कुठून सुचला ते आता आठवत नव्हते. बहुधा समोरच्या पेशंटच्या दातांवरून. आणि हे आत बसलेले सगळे वाडगे थेट अॅसिडिटीच्या गोळ्यांसारखे दिसत होते.

चिऊने तो सल्ला ऐकता ऐकताच सोडून दिला होता. पण डॉक्टरांचा सल्ला कोणी ऐकत नसेल, अशी शंका डॉक्टरांना कधीच येत नाही. भट्टी सगळ्यांसमोर उघडली की ताई विचार करणार, कुठे चुकले? मग तिला आठवणार, चुना! डॉक्टरांनी बूच बसवले आणि ठरवले, की ही भट्टी उघडलीच न गेलेली बरी.

वहिनी ओला टॉवेल वाळत घालायला गेल्या. दोरी शेडच्या मागे होती, हा योगायोग. त्यांना खोली नको होती. सासूबरोबर एका घरात राहायचे नाही हे त्यांनी लग्नाच्या वर्षीच ठरवले होते आणि इतकी वर्षे ते एकही शब्द न बोलता निभावले होते. त्यांची सगळी आशा त्या वाडग्यांवर होती. त्यांनी डोळ्यातून आत पाहिले, "अगं बाई," म्हणाल्या, आणि टॉवेल वाळत न घालताच परत आल्या. येता येता त्यांनी एक वाक्य तयार केले. झाकण उघडले की लगेच, कोणी काही बोलायच्या आत म्हणायचे: "रंग जरा फिका आलाय, पण हाच जास्त शोभतो." दोन-तीनदा मनात घोळवून त्यांनी ते पक्के केले.

*

जेवताना सुरुवातीला सगळे हवेबद्दल बोलले. मग हवा संपली.

"चिऊ," थोरले म्हणाले, "मी काय म्हणतो, शेडचं राहू दे."

चिऊचा हात ताटातच थांबला. "राहू दे म्हणजे?"

"म्हणजे राहू दे. आहे तशी. भट्टी कशीही निघो. खोली काय, कुठेही होईल."

"कुठेही कुठे? तूच सगळीकडे टेप लावून मोजलंस ना?"

"मोजायला काय, मी पुन्हा मोजेन."

"नाही, दादा," डॉक्टर म्हणाले. "असं चालायचं नाही. शब्द म्हणजे शब्द."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिले. आईने चष्मा सारखा करून पाहिले.

"छोट्या," थोरले म्हणाले, "तू शेडच्या बाजूचा आहेस."

"होतो. आहे. पण मला ताईच्या सन्मानाची काळजी आहे. कलावंताने कुठे थांबायचं हे ठरवण्यात एक सौंदर्य असतं. मी तर म्हणतो, भट्टी उघडूसुद्धा नये."

"उघडू नये?" चिऊ म्हणाली.

"बंद भट्टी. आत काय आहे कोणाला माहीत नाही. तसंच निरोपाचा एक छोटासा..."

"अरे वाडगे द्यायचेत मला! माणसं सूप कशात पिणार, सौंदर्यात?"

"भाऊजी," वहिनी घाईघाईने म्हणाल्या, "यांचं बरोबर आहे. शेड राहू दे. यांच्या गुडघ्यांना उलट जिना चांगला. व्यायाम होतो."

"तूच म्हणालीस ना डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय?" थोरले म्हणाले. आपल्या बाजूने बोलणाऱ्याला अडवण्याची ही सवय खात्यातली.

"त्या डॉक्टरांनी. या डॉक्टरांना विचारा."

"मी दातांचा आहे, वहिनी."

"मग बोलू नका ना मध्ये."

आईने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "काल संध्याकाळपर्यंत दोघं उलट्या बाजूंना होतात. आज सकाळपासून घरात काही खाल्लंत का तुम्ही वेगळं?"

आईला उत्तर नकोच होते. ती सकाळी शेडमध्ये गेली तेव्हा मोतीबिंदूमुळे तिला आत काही दिसले नव्हते, पण बुचावर चिऊच्या अंगठ्याचा ठसा आहे हे तिला बोटांनी कळत होते. ठसा वर करून तिने बूच परत लावले होते. जेवायच्या आधी ती पुन्हा एकदा गेली, तेव्हा ठसा खाली होता. आपल्या मुलांनी आणि सुनेने काय पाहिले हे तिला माहीत नव्हते. पाहिले, एवढे माहीत होते, आणि जे पाहिले ते फारसे चांगले नव्हते हे त्यांच्या ताटांत उरलेल्या जेवणावरून दिसत होते.

*

चिऊ मागच्या पायरीवर जाऊन बसली. शेडकडे पाठ करून, कारण शब्द दिला होता.

दादा मायेने बोलला होता. हे वाईट होते. दादा आजवर दोनदाच मायेने बोलला होता, आणि दोन्ही वेळा घरात कोणीतरी गेले होते. तिने हाताकडे पाहिले. नखांच्या कडेला माती होती. ती कधीच पूर्ण जात नसे, लग्नाकार्याला तिला हात मागे धरून फिरावे लागे. हे हात रिकामे ठेवून काय करायचे असते? लोक संध्याकाळी काय करतात? मैत्रिणीकडे शुक्रवारी तिने लोकांसारखे टीव्ही पाहून बघितले होते. मालिका संपली तेव्हा तिने टेबलावरच्या पोळीच्या कणकेचा, कोणाच्याही नकळत, एक नीट वाडगा केला होता. मैत्रिणीने त्याची पुन्हा पोळी केली.

थोरले गुडघे धरत येऊन शेजारी बसले.

"तू आत बघितलंस," चिऊ म्हणाली.

"मी? छे. शब्द दिलाय."

"मग एवढा गोड का बोलतोयस?"

"माणसाला कधी गोड बोलावंसं वाटू नये का?"

"माणसाला वाटावं. तुला का वाटलं ते विचारतेय."

थोरले म्हणाले, "तो कप आहे अजून."

"कुठला?"

"वाकडा. एका बोटाचा."

"अरे देवा! तो अजून टाकला नाहीस? त्याचा कान मी चुकून उलटा लावलाय. मला तेव्हा येत नव्हतं काही."

"उलटा लावलाय?" थोरल्यांचा चेहरा पडला. "तरीच."

"तरीच काय?"

"काही नाही. घसरत नाही तो."

चिऊला हसू आले, आणि मग ते थांबेना. थोरल्यांनाही हसावेसे वाटले, पण गुडघ्यामुळे त्यांनी ते आवरले. नेमके तेव्हा आईने आतून हाक मारली, "चार वाजले रे! या, काय ते एकदा बघून टाकू!"

*

शेडमध्ये पाच माणसे उभी राहिली की भट्टीचे झाकण उघडायला जागा उरत नाही. डॉक्टर दाराशी राहिले. निसटायला बरे पडते. चिऊने दिवा लावला, झाकणाची मूठ धरली आणि डोळे मिटले.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही बघून सांगा. मला धीर नाही."

"रंग जरा फिका आलाय," वहिनी म्हणाल्या, "पण हाच जास्त शोभतो."

झाकण अजून उघडलेच नव्हते.

चिऊने डोळे उघडले. वहिनींनी टॉवेल तोंडाशी धरला. तो सकाळपासून त्यांच्याच खांद्यावर होता.

"वहिनी!"

"अहो मी फक्त दोरीकडे..."

"आणि बाकीचे?"

बाकीच्यांपैकी एकजण आढ्याकडे आणि एकजण चपलांकडे बघत होता. चिऊने झाकण उचलले, आत वाकली आणि वरच्या वाडग्याला बोट लावले. बोट पांढरे झाले. तिने ते बोट उजेडात धरून पाहिले. मग भट्टीच्या भिंतीला तळहात लावला. मग आणखी खाली लावला.

"सॉरी, ताई," दारातून डॉक्टर म्हणाले. "चुन्याचं मी असंच बोललो होतो."

"कसला चुना?"

"काही नाही."

"ही भाजलीच नाहीये," चिऊ म्हणाली.

"थोडी कमी भाजली असेल," थोरले समजुतीने म्हणाले. "होतं असं."

"कमी नाही रे, दादा. अजिबात नाही. हे शुक्रवारी मी ठेवलं तसंच्या तसं आहे. भट्टी लागलीच नाही!"

सगळ्यांनी एकदम बटणांकडे पाहिले. दोन होती: एक दिव्याचे, एक भट्टीचे, मोठे, लाल. भट्टीचे बंद होते. वर अण्णांचे अक्षर होते.

"हे कोणी बंद केलं?"

"मी नाही," डॉक्टर म्हणाले. "मी गेलो तेव्हा बंदच होतं."

"मीही गेलो तेव्हा बंदच होतं," थोरले म्हणाले. "मी मुद्दाम चाचपून बघितलं."

"मी बटणाकडे बघितलंच नाही," वहिनी म्हणाल्या. "मला आत बघायची घाई होती."

"मी तुमच्या सगळ्यांच्या आधी गेले होते," आई म्हणाली. "तेव्हाही बंद. मला वाटलं, शाबास, अण्णांचं वळण टिकवलंय कोणीतरी." मग ती चिऊकडे वळली. "माझ्या आधी आत कोण होतं, गं?"

आईच्या आधी आत फक्त एक माणूस होता. त्या माणसाने शुक्रवारी आकडे लावले होते, दाराशी आला होता आणि कडी घालण्यापूर्वी, चोपन्न वर्षांच्या वळणाने, एकही न विसरता, सगळी बटणे बंद केली होती.

चिऊ पिंपावर बसली. "मीच," ती म्हणाली.

मग डॉक्टरांच्या लक्षात आले की चुन्याचा काही संबंध नाही, आणि त्यांचा आवाज परत आला. "म्हणजे तांत्रिकदृष्ट्या, दादा, ही भट्टी बिघडली म्हणायची की नाही?"

"भट्टी नीट निघाली तर, असं ठरलं होतं," थोरले म्हणाले. त्यांच्यातला अधिकारी जागा होत होता. "ही निघालीच नाही. म्हणजे प्रकरण प्रलंबित. पुन्हा लावायची, मग बघायचं."

"आणि दुपारी काय म्हणालास?" चिऊने विचारले. "शेड राहू दे, भट्टी कशीही निघो."

"ते मी वाडगे बिघडलेत असं समजून म्हणालो."

"बरं. म्हणजे बिघडले तर शेड ठेवायची."

"हो."

"आणि आता पुन्हा भाजल्यावर चांगले निघाले तर? पाडायची?"

खात्यात इतकी वर्षे काढूनही थोरल्यांना यावर कोणता शेरा मारावा ते सुचले नाही.

"पाडायचा प्रश्नच नाही," वहिनी म्हणाल्या. आजवर न बोललेल्या वर्षांचे सगळे बोलणे बाहेर पडणार, असे वाटून थोरल्यांनी भिंतीचा आधार घेतला. पण वहिनींनी थोडक्यात आटपले. "मी इथे राहायला येणार नाहीये. आई, राग मानू नका."

"राग कसला?" आई म्हणाली. "मला तरी कुठे हवाय हा इथे! पहाटे पाचला उठून नळ तपासतो. मला विचारलं कोणी? माझ्याजवळ राहायचं म्हणून खोली, म्हणून न्हाणीघर, आणि मला सोडून सगळ्यांना विचारलं."

"मग आधी का नाही बोललीस?" थोरले म्हणाले.

"तुझ्या बायकोची वाट बघत होते."

सासू-सुनांनी एकमेकींकडे पाहिले. त्यांचे एखाद्या गोष्टीवर उघडपणे एकमत होण्याची ही पहिलीच वेळ असावी; दोघीही जरा अवघडल्या.

"आणि या वाडग्यांचं काय?" डॉक्टरांनी विचारले. "हे सगळं फुकट?"

"फुकट कशानं?" चिऊ म्हणाली. "कच्च्या ग्लेझला काही होत नाही. झाकण लावायचं, बटण दाबायचं."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

हे ऐकून सगळ्यांना थोडे वाईट वाटले. दिवसभर जे सोसले त्याच्या मानाने उपाय फारच छोटा होता.

*

सोमवारी सकाळी चिऊने भट्टी पुन्हा लावली. या वेळी आई बटणासमोर खुर्ची टाकून बसली आणि भट्टी विझेपर्यंत तिने कोणालाही शेडमधून शेवटी बाहेर पडू दिले नाही. थोरले जाताना विचारत होते, की त्या कपाचा कान सुलटा लावता येईल का. चिऊ म्हणाली, नाही, पण नवा करून देईन. थोरले म्हणाले, नको.

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा जमले, पुन्हा शब्द दिला, आणि तो मोडण्यात आता काही गंमत न उरल्यामुळे चारपर्यंत पाळलाही. चिऊने झाकण उचलले. वाडगे अगदी कॅफेवालीने सांगितले होते तसे निघाले: पांढरे, सुकलेले, खडूसारखे, झिलई नाही की चमक नाही. आधीच्या रविवारी दिसले होते त्याहून फरक एवढाच, की आता बोटाला रंग लागत नव्हता.